चोडणला पक्षी बघायचेत? आधी तिथी बघा

माझं घर गोव्यात माशेलला आणि शाळा चोडण बेटावर. गेली अकरा वर्षं सकाळी बाणस्तारीचा पूल, मग जुने गोवे, मग रायबंदरचा धक्का आणि तिथून फेरी, असा माझा रस्ता. शाळा मराठी माध्यमाची, चौथीपर्यंतची. फेरीतून उतरलं की थोड्याच पावलांवर डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्याचं फाटक आहे. त्यामुळे दर डिसेंबरात पुण्या-कोल्हापूरच्या नातेवाइकांचे फोन ठरलेले. "अगं, तुझ्या शाळेजवळ ते अभयारण्य आहे ना? जाऊन काही दिसतं का?"

मागच्या हिवाळ्यात माझा आत्येभाऊ सहकुटुंब जाऊन आला आणि म्हणाला, "झाडं होती, डास होते, पाणी होतं. पक्षी तेवढे नव्हते."

मी विचारलं, किती वाजता गेला होतास? तर अकराला, हॉटेलातला नाश्ता उरकून. तिथी कोणती होती? त्याला वाटलं मी मुहूर्त विचारतेय. मी भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं. पौर्णिमा. म्हणजे ऐन भरतीत गेला होता बिचारा. त्या वेळी तिथे पक्ष्यांना बसायला जागा आणि खायला जेवण, दोन्ही पाण्याखाली असतं.

म्हणून एकदाच नीट लिहून ठेवते. यापुढे फोन आला की हेच पाठवीन.

जागा कशी आहे

मांडवी आणि म्हापसा नदी जिथे मिळतात तिथे चोडण बेटाचं पश्चिमेकडचं टोक आहे. ते सगळं टोक खारफुटीने भरलेलं. क्षेत्र 178 हेक्टर, म्हणजे दोन चौरस किलोमीटरसुद्धा नाही. 1988 साली ते अभयारण्य झालं. पक्षीशास्त्रज्ञ सलीम अली आदल्याच वर्षी गेले होते, म्हणून त्यांचं नाव. नावात 'पक्षी' असलं तरी ही मुळात चिखलाची जागा आहे, हे आधी डोक्यात घ्या. दिवसातून दोनदा खारं पाणी आत येतं, दोनदा बाहेर जातं, आणि मधल्या वेळात जो काळा, मऊ, वास मारणारा चिखल उघडा पडतो त्यावर सगळ्यांची पोटं भरतात.

मी माशेलची. आमच्याकडे आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी देवकी-कृष्णाच्या देवळासमोर चिखलकाला होतो. बाप्ये आणि पोरं अंगाला तेल चोपडून चिखलात लोळतात. आणि तो देवकी-कृष्ण मूळचा चोडणचा. पोर्तुगीज काळात मये गावावरून माशेलला आलेला. आमचा देव ज्या बेटावरून निघाला त्याच बेटावर मी नोकरीला. तेव्हा चिखलाबद्दल मी जरा जास्त बोलले तर सांभाळून घ्या.

माझी फजिती

चोडणला बदली झाली त्याच वर्षी बावीस मुलांना घेऊन मी अभयारण्यात गेले. शनिवारची सकाळ, सव्वाआठ वाजलेले. मुलांना आदल्या दिवशी फळ्यावर खंड्या, बगळा, घार सगळं काढून दाखवलं होतं. आत गेलो तर दोन्ही बाजूंना पाणीच पाणी. तिवराच्या फांद्या पाण्याला टेकलेल्या, चिखलाचा ठिपका नाही. तासभर फिरलो. एक घार दिसली, तीही उंच. शेवटी मुलांनी कंटाळून डबे उघडले. बावीस डब्यांतल्या निम्म्याहून जास्त डब्यांत साबुदाण्याची खिचडी.

धक्क्यावर होडीवाले काका बसले होते. त्यांनी डब्यांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि हसले. म्हणाले, "टीचर, आयज एकादस न्ही? पयलीं उदक पळयात, मागीर सुकणीं." आधी पाणी बघा, मग पक्षी. आमच्याकडे ओहोटीला सुकती म्हणतात आणि पक्ष्याला सुकणें. काका पुढे म्हणाले, "सुकती आयली म्हणल्यार सुकणीं आयलींच." मुलांना ते इतकं आवडलं की परतताना वर्गापर्यंत तेच घोकत आली.

मग त्यांनी मला हिशोब शिकवला. शिक्षिका मी, पण पाऊणकी मला त्यांनी शिकवली.

पाऊणकीचा हिशोब

पूर्वी शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी पाठ करून घेत. किनाऱ्यावरच्या माणसांना त्यातली पाऊणकी आजही लागते. तिथीचा आकडा घ्यायचा, त्याची पाऊणपट करायची. जे उत्तर येईल त्या वाजता भरती. प्रतिपदा म्हणजे 1, पौर्णिमा किंवा अमावास्या म्हणजे 15. शुक्ल पक्ष असो की वद्य, मोजणी पुन्हा एकपासून.

एकादशी घ्या. अकराची पाऊणपट सव्वाआठ. म्हणून त्या शनिवारी सव्वाआठला मी भर भरतीत मुलांना घेऊन उभी होते. पौर्णिमा: पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. आत्येभावाचं गणित इथे सुटलं. भरतीनंतर साधारण सहा तास दहा-पंधरा मिनिटांनी ओहोटी, आणि तेवढ्याच वेळाने पुन्हा भरती. चंद्र रोज उशिरा उगवतो तशी भरतीही रोज पाऊण तासाच्या आसपास पुढे सरकते. पाऊणकी आली ती तिथूनच.

आता उलटं गणित करा. पक्ष्यांसाठी सकाळ हवी आणि सकाळीच ओहोटी हवी. समजा सव्वानऊला पूर्ण ओहोटी पाहिजे. मग भरती पहाटे तीनला झालेली असायला हवी. तीन कशाची पाऊणपट? चारची. म्हणजे चतुर्थी. महिन्यात दोन चतुर्थ्या, विनायकी आणि संकष्टी, कुठल्याही कॅलेंडरवर ठळक छापलेल्या. द्वितीयेला ओहोटी पावणेआठच्या सुमारास, पंचमीला दहाच्या. द्वितीया ते पंचमी हे चार दिवस तुमचे. अष्टमी-नवमीला जाऊ नका. एक तर त्या सकाळी पाणी भरलेलं असतं, आणि दुसरं म्हणजे ते भांगाचे, म्हणजे पाणी कमी चढण्या-उतरण्याचे दिवस. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला मांडवीचं पाणी दोन मीटरहून जास्त चढतं-उतरतं, भांगाला बरंच कमी. उतरलंच नाही तर चिखल उघडा कसा पडणार?

हा हिशोब ढोबळ आहे. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, आणि समुद्रापासून नदीत जितकं आत जाल तितकं पाणी उशिरा पोचतं. मुरगाव बंदराचं भरती-ओहोटीचं वेळापत्रक नेटवर मिळतं, ते जायच्या आदल्या रात्री ताडून बघा. पण प्रवासाची तारीख ठरवायला, सुट्टी टाकायला, पाऊणकी पुरते.

फाटकाशी पोचायची वेळ ओहोटीच्या दीड तास आधीची ठेवा. पूर्ण ओहोटीला येऊ नका. पाणी उतरताना चिखल जसजसा उघडा पडतो तसतसे पक्षी पाण्याच्या कडेने खाली सरकत येतात. ते बघण्यासारखं असतं, आणि पक्षी तेव्हाच जवळ असतात.

महिने म्हणाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. उत्तरेकडून आलेले पाहुणे तेव्हा असतात. पावसाळ्यात मांडवी गढूळ होते, वरून येणाऱ्या पाण्याने खारेपणा जवळजवळ जातो, वाट शेवाळते. मी तेव्हा मुलांना नेत नाही.

काय घ्यायचं, काय नाही

पंपावरच्या मुलांसारखे भडक टी-शर्ट नकोत. मातकट, हिरवट, जुने कपडे. पायात पट्ट्याची चप्पल किंवा बूट, कारण साधी सपाता चिखलात राहते आणि माणूस पुढे जातो. पूर्ण बाह्या घाला. डासांपेक्षा संध्याकाळची बारीक चिलटं वाईट. खोबरेल तेल चोपडलं की ती चिकटतात पण चावत नाहीत, हा माझ्या सासूबाईंचा उपाय, मला लागू पडतो. पाण्याची बाटली, सुटे पैसे (प्रवेशाचं तिकीट फाटकावर मिळतं, कॅमेऱ्याचं वेगळं), टोपी. खायचं काही आत नेऊ नका. ते मी बावीस डब्यांनंतर शिकले. ड्रोन घरीच ठेवा, परवानगीशिवाय अभयारण्यावर उडवता येत नाही.

दुर्बीण असेल तर छान, आठपट पुरते. नसेल तर विकत घ्यायची घाई नको. दुर्बीण हातात आली की नवखा माणूस आधी दुर्बिणीला डोळे लावतो आणि मग आभाळभर पक्षी शोधत बसतो. पक्ष्यावरची नजर न हलवता दुर्बीण डोळ्यांपर्यंत आणायची असते. मुलांना मी हे गुंडाळलेल्या जुन्या कॅलेंडरच्या नळीने शिकवते. वर्गातल्या घड्याळावर नजर रोखायची आणि नळी वर आणायची. दहा वेळा केलं की जमतं. मोठ्या माणसांनाही हेच करायला लावते, फक्त ते लाजतात.

आत गेल्यावर

वाट फरसबंद आहे, खारफुटीतून जाते. पुढे निरीक्षण मनोरा आहे. सगळे तडक मनोऱ्याकडे सुटतात. तुम्ही सुटू नका. पन्नास-साठ पावलं गेल्यावर, जिथे दोन्ही बाजूंना चिखल दिसेल तिथे थांबा आणि पंधरा मिनिटं हलू नका. बोलू नका म्हणत नाही, हळू बोला. हात मात्र हलवू नका.

वर बघू नका, खाली बघा. चिखलातून पेन्सिली रोवल्यासारखी बोटभर मुळं वर आलेली दिसतील. ती तिवराची. चिखलात हवा नसते म्हणून झाड मुळं वर काढून श्वास घेतं. कमानीसारखी मुळं सोडून उभं असतं ते कांदळ. त्याच्या शेंगेसारख्या दिसणाऱ्या लांब हिरव्या काड्या म्हणजे झाडावरच रुजलेली रोपं. खाली पडली की चिखलात उभी रुततात. रुतली नाहीत तर पाण्यावर तरंगत दुसरीकडे जाऊन लागतात. तिवराचं पान तोडू नका, फांदीवरच राहू दे आणि जिभेचं टोक लावून बघा. खारट लागतं. झाड जास्तीचं मीठ पानांवाटे बाहेर टाकतं. माझ्या मुलांचा हा सगळ्यात आवडता धडा. पण आधी खाली पेन्सिली मुळं आहेत का ते बघा, कारण इथेच हुऱ्याची झाडंही असतात. त्यांचा दुधासारखा चीक डोळ्यात गेला तर आंधळं करू शकतो. ओळख नसेल त्या झाडाला हात नको.

आता चिखलाच्या बिळांकडे बघा. तुम्ही आलात तेव्हा सगळे खेकडे आत पळाले असतील. तीन-चार मिनिटांनी एक डोकावेल. मग दुसरा. छोटे, अंगठ्याच्या नखाएवढे. नराची एक नांगी अंगापेक्षा मोठी आणि दुसरी इवलीशी. मोठी नांगी तो वर-खाली करत राहतो, लांबून कुणाला बोलावल्यासारखी. लहान नांगीने चिखल तोंडात घालतो, त्यातलं खाणं चाळून घेतो आणि उरलेल्याची गोळी करून बाहेर ठेवतो. मादीच्या दोन्ही नांग्या लहान, म्हणून ती दोन्ही हातांनी जेवते. आमच्या शाळेतल्या एका मुलीने हे बघून विचारलं होतं, "टीचर, म्हणजे बाबा एका हातानं मोबाइल धरून जेवतात तसं?" मला दुसरी उपमा सुचली नाही.

हे खेकडे माझं घड्याळ आहेत. तुमच्या पायापासून हातभर अंतरावर ते निवांत जेवायला लागले म्हणजे तुम्ही पुरेसे गप्प झालात. आता मान वर करा.

त्याआधी निवटी मात्र चुकवू नका. बोटाएवढा चिखलाच्या रंगाचा मासा. डोळे डोक्यावर, बेडकासारखे. पुढच्या दोन परांवर टेकत तो हातांनी सरपटल्यासारखा चिखलावर चालतो, आणि मन झालं की वीतभर उडी मारतो. अंग ओलं राहिलं तर पाण्याबाहेर कातडीतून श्वास घेऊ शकतो, म्हणून मधूनच एका कुशीवर लोळून कातडी भिजवतो. दोन नर भेटले की पाठीवरचा पर पंख्यासारखा उभारतात आणि तोंडं वासून एकमेकांसमोर उभे राहतात. मारामारी क्वचित होते. बहुतेक वेळा एकजण कंटाळून निघून जातो.

पक्षी

सुरुवात खंड्यांपासून करा, कारण ते एका जागी बसतात. खारफुटीच्या पाण्याजवळच्या वाळक्या फांद्या एकेक करून बघत जा. तपकिरी डोकं, पांढरा गळा, निळी पाठ तो आपला नेहमीचा खंड्या, विहिरीवरही दिसणारा. चिमणीहून थोडा मोठा, चमकदार निळा तो लहान धीवर. काळा-पांढरा आणि पाण्यावर एका जागी पंख फडफडवत थांबणारा तो कवड्या. चोच लालभडक आणि एवढी मोठी की पक्षी पुढे झुकेल असं वाटतं, अंग पिवळट, तो मोठ्या चोचीचा. काळी टोपी, जांभळट निळी पाठ, पोट तांबूस आणि चोच लाल असेल तर तो काळ्या टोपीचा खंड्या. याला खाड्या आणि खारफुटी आवडते, हिवाळ्यात इथे बऱ्यापैकी दिसतो. आणि निळसर हिरवी पाठ, पांढरं पोट, मानेभोवती पांढरा पट्टा, तो गळपट्ट्याचा खंड्या. बाहेरून येणारे जाणते पक्षीवाले मुख्यतः याच्यासाठी येतात, कारण आपल्या पश्चिम किनाऱ्यावर तो मोजक्याच ठिकाणी भेटतो. मला तो वर्षातून पाच-सहा वेळा दिसतो. कधीही तोंड भरून दिसत नाही, फांदीआडूनच.

बगळ्यांत एक गोष्ट लक्षात ठेवा. काळपट राखाडी, गळ्यावर पांढरा डाग असा बगळा दिसला तर तो समुद्री बगळा. त्याच जातीत पूर्ण पांढरेही असतात. उथळ पाण्यात तो धावतो, पंख उघडतो, गर्रकन वळतो, दारू प्यायल्यासारखा. मासे बिथरवायची ती युक्ती. कांदळाच्या मुळांत मान आखडून बसलेला हिरवट राखाडी ठेंगणा दिसला तर तो हिरवा बगळा. त्याला शोधायला वेळ द्यावा लागतो.

चिखलावर शेपूट सतत खालीवर करत चालणारी तुतारी, लाल पायांचा टिलवा, खाली वळलेल्या लांब चोचीचा कर्ल्यू हे हिवाळी पाहुणे. यांच्या चोचीची लांबी बघा. आखूड चोच वरचं वेचते, लांब चोच खोल बिळातलं काढते. त्यामुळे एकाच चिखलावर भांडणं होत नाहीत.

आभाळात तांबूस अंग आणि पांढरं डोकं ती ब्राह्मणी घार. मासा पायांत धरून नेताना त्याचं तोंड पुढच्या दिशेला ठेवते ती मीनखाई घार. आणि नशीब असेल तर लेसर अॅडज्युटंट. माणसाच्या छातीला लागेल एवढा उंच करकोचा, डोकं आणि मान टकली पिवळट, चेहऱ्यावर पेन्शनरचा कंटाळा. देशात त्याची संख्या घटलेली आहे. मी दोनदाच पाहिला, दोन्ही वेळा एकटा.

ऊद आणि मगर

या बेटाच्या आजूबाजूला ऊद राहतात, पाणमांजरं. कोकणीत हूद. जगभरच्या धोक्यातल्या प्राण्यांच्या यादीत हे असुरक्षित गटात आहेत. दिसायची हमी नाही. अकरा वर्षांत मी चार वेळा पाहिले, चारही वेळा पहाटे, कळपाने. पण खुणा कुणालाही सापडतात. बांधावर किंवा पाण्याकाठच्या सपाट दगडावर माशांच्या खवल्यांनी आणि खेकड्यांच्या कवचांच्या तुकड्यांनी भरलेली विष्ठा दिसली, तिला मासळी बाजाराचा वास येत असला, की तो उदांचा सार्वजनिक संडास समजायचा. सगळा कळप तिथेच जातो. फोटो काढा आणि लांब व्हा. तिथे थांबून राहिलात तर ते जागा बदलतात.

मगरींची गोष्ट थोडक्यात. मांडवी आणि झुवारीला जोडणाऱ्या कुंभारजुवे कालव्यात मगरी आहेत, आणि कालव्यातून मांडवीत येणं त्यांना अवघड नाही. गोड्या पाण्याची म्हणून ओळखली जाणारी मगर इथे खाऱ्या पाण्यात राहते. दुर्भाट, बोरीकडच्या खाजन (बांध घालून खारं पाणी अडवलेल्या) शेतीच्या गावांत पौष अमावास्येला ओल्या मातीची मगर करून पुजतात, तिला मांगेथापणी म्हणतात. पूजा करणारी माणसंसुद्धा पाण्यात पाय सोडून बसत नाहीत. होडीतून हात बाहेर सोडू नका, चिखलात उतरू नका.

होडी घ्यायची का

घ्या, पण एकटी होडी पुरत नाही. आतल्या लहान खाड्यांत शिरायला पाणी लागतं, पक्षी बघायला चिखल लागतो. दोन्ही एकदम मिळतात ते पाणी अर्धं उतरलेलं असताना. ओहोटीच्या दोन-अडीच तास आधी होडीत बसा, तासाभरात उतरून पायवाटेला लागा. पूर्ण ओहोटीत होडी चिखलाला टेकते आणि मग काकांना खाली उतरून ढकलावी लागते. पैसे आधी ठरवा. वल्ह्याची होडी मिळाली तर तीच घ्या. इंजिनाची असेल तर खाडीच्या तोंडाशी बंद करायला सांगा, ते करतात.

"जवळ घ्या ना अजून थोडी" हे म्हणू नका. पक्ष्याने मान ताठ केली, खाणं थांबवलं, म्हणजे तुम्ही आधीच जास्त जवळ आहात. मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलावायचा प्रकार तर मुळीच नको. एकदा फेब्रुवारीत एक सहलीची बोट कर्ण्यावर गाणी लावत टोकाशी आली आणि चिखलावरचे शंभरेक पक्षी एकदम उठले. परत बसेपर्यंत पाणी चढायला लागलं होतं. त्यांचं त्या वेळचं जेवण गेलं. पुढच्या ओहोटीपर्यंत उपास.

वेळ उरला तर

अभयारण्यातून निघालात की लगेच फेरी पकडू नका. बेटावर खाजन शेतं आहेत. मातीचा बांध, आत भातशेती, आणि बांधात मानस म्हणजे पाण्याचं दार. जुनं लाकडी मानस बघायला मिळालं तर पाच मिनिटं उभे राहा. भरती आली की पाण्याच्या दाबाने दार आपोआप बंद होतं, ओहोटी लागली की आतल्या पाण्याने आपोआप उघडतं. ना वीज, ना माणूस. बाहेर जाणाऱ्या पाण्याबरोबर मासे येतात, म्हणून मानसाच्या लाकडावर हमखास एक खंड्या आणि शेजारी एक वंचक बगळा रांग लावून असतो. बांध फुटला आणि कुणी डागडुजी केली नाही की खारं पाणी शेतात शिरतं, भात जातं, आणि काही वर्षांत तिथे खारफुटी उभी राहते. पक्षीवाले खूश होतात, शेतकरी नाही. मी दोन्ही बाजूंच्या मुलांना शिकवते, तेव्हा या वादात पडत नाही. फक्त एवढंच सांगते, बांधावरून चालताना कडेने चालू नका, माती ढासळते. शेतात कुणी असेल तर विचारून पुढे जा.

वहीत काय लिहायचं

पक्ष्यांची नुसती यादी नको. तिथी, वेळ, पाणी कुठवर, पक्षी काय करत होता, एवढं लिहा. माझी एक नोंद अशी आहे: "पौष वद्य चतुर्थी. 7.50. पाणी पेन्सिली मुळांच्या खाली गेलेलं. काळ्या टोपीचा, वाळक्या फांदीवर, खेकडा फांदीवर आपटतोय. अकरा वेळा आपटला. नांगी पडल्यावर गिळला. 8.40 तुतारी तीन. 9.20 पाणी थांबलं. सगळीकडे गप्प." अशा दोन हिवाळ्यांच्या नोंदी झाल्या की कोण कुठल्या पाण्याला कुठे असतो हे तुम्हालाच कळायला लागतं. ई-बर्ड या पक्षी-नोंदींच्या वेबसाइटवर टाकणारे टाकतात. माझी मात्र अजून वहीच.

परतताना पायांचा चिखल लगेच पुसत बसू नका, पसरतो. फेरीत वारा लागून वाळला की रायबंदरला उतरताना झटकायचा.

आत्येभाऊ या डिसेंबरात पुन्हा येतोय. त्याला संकष्टी सांगितली आहे, आणि पावणेआठला फाटकाशी. वहिनीचा उपास असतो, म्हणून साबुदाण्याची खिचडी मी घरून आणणार आहे. डबा फाटकाबाहेरच उघडायचा, एवढं त्याला सांगायचं राहिलंय.